वारा घरी आणून सोडतो

त्या हिवाळ्यात नोहेआ पाकेलेने एकच वाक्य इतक्या वेळा लिहिलं की तिची बोटं ते आपलं आपणच टंकायला लागली होती. "ईशान्येकडून व्यापारी वारे, मध्यम ते जोराचे. वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर आणि डोंगराच्या बाजूला तुरळक सरी. इतरत्र बहुतेक ऊन."

हा पुढच्या दिवसभराचा अंदाज. प्रशांत महासागरातल्या त्या बेटावर, हिलो शहरात, विमानतळामागे हवामानाची कचेरी होती, तिथून तो निघायचा आणि बेटावरच्या रेडिओवर जायचा. निवेदक तो एका दमात, औषधाच्या जाहिरातीखालच्या सूचना वाचाव्यात तसा वाचून टाकायचा. ऐकणारे तेवढ्यापुरता आवाज बारीक करायचे. हिवाळ्यात व्यापारी वाऱ्यांनी अधूनमधून सुटी घ्यावी असं शास्त्र सांगतं. पण त्या वर्षी हिवाळा आल्याचं वाऱ्यांना कुणी कळवलं नव्हतं. कचेरीतले सहकारी म्हणायचे, "नोहेआ, तू रजेवर गेलीस तरी चालेल. कालचाच अंदाज पाठवू." ती रजेवर गेली तेव्हा त्यांनी खरंच तसं केलं, आणि अंदाज बरोबर आला.

तिचं माहेर पोहाकुनुई. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं, काळ्या दगडांतलं लहानसं गाव. गावाला होड्या पाण्यात सोडायचा एक सिमेंटचा उतार होता, आणि उतारापाशी रोज सकाळी उभा राहणारा एक म्हातारा होता. तो तिचा बाप, अब्नेर पाकेले.

अब्नेर आता समुद्रावर जात नसे. गुडघे गेले होते. पण उजाडताना तो उतारावर यायचा, डोंगराकडे बघायचा, समुद्राकडे बघायचा, नाकाने एक लांब श्वास ओढायचा आणि मग सांगायचा, "वारा तसाच आहे. दुपारी डोंगरावर ढग धरतील. जा." मग सगळे जात. कचेरीच्या अंदाजाचा विषय कुणी काढलाच, तर मॅनी मेदेइरोस हसायचा. मॅनी म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या होडीचा आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचा मालक. "एसीत बसून वारा कळतो का कधी? अंकल अब्नेरना विचारा!" आणि नोहेआ समोर असली तर वर म्हणायचा, "तू वाईट वाटून घेऊ नकोस गं. तुझं पोट आहे त्यावर."

नोहेआला वाईट वाटत नसे, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी ती सकाळी बापाला कॉफीला बोलवायला बाहेर गेली होती. म्हातारा जुन्या पिकअप गाडीत काचा वर करून बसला होता. इंजिन गरम करतो म्हणायचा. बंद काचेतून तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं, निवेदकाच्या घाईच्या आवाजात. ती पाऊल न वाजवता मागे फिरली. थोड्या वेळाने अब्नेर उतारावर गेला, लांब श्वास ओढला आणि तिचं वाक्य गावाला सांगितलं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. उलट अंदाज लिहिताना ती काळजी घेऊ लागली. बापाच्या तोंडी आकडे शोभले नसते, म्हणून तिने आकडे कमी केले. "दुपारी डोंगरावर ढग धरतील" हे तिचंच. साध्या, लोकांना कळेल अशा भाषेबद्दल तिच्या वरिष्ठांनी तिचं कौतुक केलं होतं.

अशी ही व्यवस्था उत्तम चालली होती. मग जानेवारीत पिकअपचा गिअरबॉक्स गेला.

गाडी हिलोच्या गॅरेजात पडली. सुटा भाग मुख्य भूमीवरून जहाजाने यायचा होता, म्हणजे कधी ते देवाला ठाऊक. पहिल्या सकाळी अब्नेर उतारावर गेला तेव्हा जरा अडखळला. मग त्याने कालचंच सांगितलं. ते खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगितलं, तेही खरं ठरलं. असे आठवडे गेले. वारा जागचा हलला नाही आणि अब्नेर एकदाही चुकला नाही. पुढे गाडी दुरुस्त होऊन आली. आईने फोनवर सहज सांगितलं, "तुझ्या पपांना हल्ली इंजिन गरम करावं लागत नाही म्हणे. उठतात ते थेट उतारावर."

नोहेआने फोन ठेवला. त्या वाक्याचा अर्थ बेटावर तिला एकटीलाच कळला होता. आपल्याला आभाळ वाचता येतं यावर बापाचा आता स्वतःचाच विश्वास बसला होता.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी नकाशावर वायव्येला एक कमी दाबाचा पट्टा उतरताना दिसला. नोहेआने वेगवेगळ्या गणितांनी पुन्हा पुन्हा तपासलं. रात्रीतून व्यापारी वारे पडणार. शनिवारी सकाळी समुद्र शांत. दुपारच्या सुमाराला वारा नैर्ऋत्येकडून येणार, आणि येणार तो वादळी पावसासकट. तिने लिहिलं: "व्यापारी वारे थांबतील. दुपारी नैर्ऋत्येकडून अचानक जोराचा वारा व वादळी पाऊस. लहान होड्यांनी समुद्रात जाऊ नये." निवेदकाने ते त्याच दमात वाचलं. ऐकणाऱ्यांनी सवयीने आवाज बारीक केला.

एरवी नैर्ऋत्येच्या वाऱ्याला पोहाकुनुईने भ्यायचं कारण नव्हतं. गावाच्या पाठीशी डोंगर होता. पण नोहेआला भीती होती ती होड्यांची. गावातल्या प्रत्येक होडीला एकच इंजिन, तेही जुनं. बाहेरचा कुणी त्यावर बोललाच, तर ठरलेलं उत्तर मिळे: "बंद पडलं तर पडलं. वारा घरी आणून सोडतो." ते खरंही होतं. ईशान्येचा वारा बंद पडलेली होडी हळूहळू ढकलत गावाच्या दगडांपाशी आणायचा. वल्ही मारली की माणूस जेवणाच्या वेळेला घरी. पण नैर्ऋत्येचा वारा डोंगरावरून समुद्राकडे जातो. त्या वाऱ्यात बंद पडलेल्या होडीला पुढचा किनारा मेक्सिकोचा.

आणि सगळ्यात कुरकुरणारं इंजिन तिच्या धाकट्या भावाचं होतं. डेलबर्टची मुलगी माइले रविवारी वर्षाची होत होती. पहिल्या वाढदिवसाचं जेवण म्हणजे सगळं गाव आणि शेजारची दोन गावं. त्या जेवणात मासा हवा, आणि तो बापाने स्वतः आणलेला हवा. सुपरमार्केटातला मासा वाढला तर ती गोष्ट मुलीच्या लग्नापर्यंत ऐकावी लागते.

तिने डेलबर्टला फोन लावला. इथे एक अडचण होती. पोहाकुनुईत मासे मारायला जातो असं कुणी म्हणत नाही. माशांना कान असतात. माणूस 'फिरायला' जातो. जाणाऱ्याला कुणी तोंडावर विचारलंच, की मासे मारायला निघालास का, तर तो दिवस गेला. त्याने होडी परत लावायची आणि घरी जाऊन झोपायचं.

"डेल, उद्या दुपारी वारा उलटा फिरणार आहे."

"मग मला काय त्याचं?"

"तू कुठे जाणार नाहीस ना?"

"मी? मी कुठे जातोय? इथे मांडव घालायचाय, डुक्कर भाजायचंय."

"म्हणजे घरीच आहेस."

"घरीच की. सकाळी जरा फिरून येईन."

"कुठे फिरून?"

"नोहे," डेलबर्टचा आवाज कडक झाला, "तुला काय वाढदिवसाला उपाशी बसायचंय का? ठेव फोन."

शनिवारी उजाडताना ती गाडी घेऊन पोहाकुनुईला पोचली. उतरली तर कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. माडांचा आवाज नव्हता. एक झावळी हलत नव्हती. समुद्र तेल ओतल्यासारखा पसरला होता. असा समुद्र गावाने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता, आणि उतारावर सगळे लग्नघरासारखे खुशीत होते.

"आलीस? ये, ये!" मॅनी ओरडला. "तुझी कचेरी काय म्हणते? वादळ?" त्याने हात समुद्राकडे केला. "हे बघ तुझं वादळ. दाढी करून घे याच्यात बघून."

"अंकल मॅनी, दुपारपर्यंतच आहे हे."

"दुपारपर्यंत आम्ही काय करायचंय ते करून येऊ. फिरायला किती वेळ लागतो?"

शेजारी डेलबर्ट होडीत बर्फ भरत होता. त्याने बहिणीकडे बघितलं नाही.

अब्नेर नेहमीच्या जागी उभा होता. आज त्याने नेहमीपेक्षा लांब श्वास घेतला. नोहेआ त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "पपा, जरा बाजूला या."

"इथेच बोल."

"गाडीत बसून आलात का सकाळी?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ते दोघं या विषयावर आयुष्यात कधी बोलले नव्हते. तिला माहीत आहे हे त्याला त्या क्षणी कळलं, आणि त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली.

"कशाला बसू?" तो म्हणाला. "मला काय कुणी सांगावं लागतं?"

"एकदा बसा. पाच मिनिटं. मग काय ते सांगा त्यांना."

"मी चुकलोय का या वर्षात? एकदा तरी?"

"नाही चुकलात."

"मग?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते चारचौघांत द्यायचं म्हणजे बापाला उतारावर नागडं उभं करायचं. आणि तेवढं करूनही कुणाचा विश्वास बसला नसता. समुद्र बापाच्या बाजूने साक्ष देत होता.

अब्नेर सगळ्यांकडे वळला. "असा दिवस वर्षातून एकदा येतो," त्याने मोठ्याने सांगितलं. "लांब जा. आज लांब जायचा दिवस आहे."

जयजयकार झाला. मॅनीने होडीचा दोर सोडला. डेलबर्टने इंजिनाची दोरी ओढली. ते खोकलं, बंद पडलं. पुन्हा ओढली, पुन्हा खोकलं. तिसऱ्यांदा ते नाखुशीने चालू झालं.

"बघ, लागलं की नाही?" तो कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाला. "आणि नाही लागलं तर वारा आहेच."

नोहेआने शास्त्राचं शिक्षण घेतलं होतं. समुद्राचं तापमान आणि हवेचा दाब यांतून उद्याचा दिवस काढायला ती शिकली होती, आणि माशांना कान असतात असं तिने गाव सोडल्यापासून कधी मानलं नव्हतं. ती उतारावर पाण्याच्या कडेपर्यंत गेली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि शक्य तितक्या मोठ्याने, प्रत्येक होडीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो, मासे मारायला चाललात का सगळे?"

एकदम सगळं थांबलं. कुणीतरी हातातली बादली सोडली, ती सिमेंटवरून गडगडत पाण्यात गेली.

"काय म्हणालीस?" मॅनीने विचारलं. त्याला ऐकू आलं होतं. त्याला वाटत होतं की आपल्याला चुकीचं ऐकू आलं असावं.

"मासे," नोहेआ म्हणाली. "मोठे मासे. किती मारणार आज? भरपूर मारा. होडी भरून मारा."

"गप्प बस!" कुणीतरी ओरडलं. एका म्हाताऱ्याने कान झाकून घेतले.

"अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" डेलबर्ट होडीतून उतरून गुडघाभर पाण्यातून तिच्याकडे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "माझ्या पोरीचा वाढदिवस आहे उद्या! पहिला! शत्रूसुद्धा असं बोलत नाही गं!"

"मला माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे. मग बोललीस कशाला?"

तो परत होडीकडे वळला. त्याने इंजिन बंद केलं. त्याच्यामागोमाग एकेक इंजिन बंद होत गेलं. मॅनीने होडीतला बर्फ उतारावर ओतला, तिच्या पायांपाशी. मग त्याने होडी गाडीला लावली. अब्नेर घराकडे निघून गेला.

त्यानंतरचे काही तास फार सुंदर होते. ऊन स्वच्छ होतं, समुद्र आरशासारखा होता, आणि किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर टुना माशांचा एक कळप पाण्याबाहेर उड्या मारत गेला. डेलबर्टच्या अंगणात मांडवाखाली सगळे पुरुष हात बांधून बसले होते आणि ते बघत होते. नोहेआ वहिनीला, शर्लीनला, अळूची पानं धुवायला मदत करत होती. शर्लीन तिच्याशी फक्त पानांपुरतं बोलत होती. "ही मोठी इकडे." "ही फाटलीय."

"किती मोठे आहेत बघा," बाहेरून मॅनीचा आवाज आला. "आपल्याला हसताहेत. त्यांनी ऐकलंय ना सगळं."

नोहेआने घड्याळाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती वादळाची वाट बघत होती. ते आलं नाही तर गाव तिला माफ करणार नव्हतं. ते आलं तर काय होईल याचा तिने विचार केला नव्हता. तिला वाटत होतं, मग सगळं आपोआप स्पष्ट होईल.

आधी डोंगर दिसेनासा झाला. मग गार वाऱ्याचा एक झोत आला, चुकीच्या बाजूने, आणि माडांच्या झावळ्या जन्मात पहिल्यांदाच समुद्राकडे वळल्या. कुणीतरी "अरे, अरे" म्हणेपर्यंत मांडव उचलला गेला. भाड्याने आणलेला मांडव चारी दोर तोडून उठला, मॅनीच्या छपराला घासला आणि समुद्रात जाऊन पडला. त्यामागून प्लास्टिकच्या खुर्च्या गेल्या, आणि बर्फाची मोठी रिकामी पेटी गेली. पाऊस आडवा येत होता. सगळे पडवीत दाटीने उभे राहिले आणि बघत राहिले. मांडव पाण्यावर फुगून शिडासारखा उभा राहिला आणि सरळ क्षितिजाकडे निघाला. तो घाईत होता. थोड्या वेळात त्याचा ठिपका झाला, मग तोही दिसेना.

नोहेआने भावाकडे पाहिलं. तो त्या जागेकडे बघत होता जिथे ठिपका होता.

शेवटी मॅनी बोलला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान होता, आणि त्यात आदर होता.

"बघितलंत? काय तोंड आहे हिचं!"

"वाराच उलटा फिरवला," दुसरा म्हणाला.

"सकाळी कसला दिवस होता! आरशासारखा! अंकल अब्नेरनी सांगितलं होतंच, वर्षातून एकदा येतो म्हणून. आणि ही एक वाक्य बोलली, आणि—" मॅनीने हाताने समुद्र दाखवला.

"मी काल रेडिओवर सांगितलं होतं," नोहेआ म्हणाली. "काल संध्याकाळी. हेच सगळं."

पडवीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मग शर्लीनने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "कालपासूनच बोलतेयस का?"

वाढदिवस रविवारी डेलबर्टच्या घरच्या गॅरेजात झाला. डुक्कर होतं, अळूच्या पानात मांस बांधून वाफवलेलं लाउलाउ होतं, आणि मासा सुपरमार्केटातला होता. तो सगळ्यांनी ओळखला आणि सगळ्यांनी थोडा थोडा पानात ठेवला. अब्नेर आपलं पान घेऊन मुलीशेजारी येऊन बसला. बराच वेळ तो माशातले काटे काढत राहिला, जरी त्यात काटे नव्हते.

"तू मला आधी बाजूला घेऊन सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"घेत होते, पपा. तुम्ही आला नाहीत."

"ते बाजूला घेणं नव्हे. सगळे बघत होते."

"बरं."

"मी जा म्हटलं तेव्हा दिवस चांगला होता," म्हातारा म्हणाला. "हे सगळे मानतात."

"हो पपा. सगळे मानतात."

त्याने मान हलवली आणि मासा खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला इंजिन गरम करायची गरज पुन्हा वाटू लागली, असं आईने नंतर कळवलं. डेलबर्टने त्याच महिन्यात होडीला दुसरं इंजिन बसवलं. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि बहिणीशीही बोलला नाही. दोन आठवड्यांनी मात्र त्याचा फोन आला.

"नोहे, उद्या गावात येणार आहेस का?"

तिला बरं वाटलं. "का रे? येऊ का?"

"नाही, नाही! फक्त विचारतोय. येणार आहेस का, नाही?"

मागे कुणीतरी कुजबुजत होतं. तो मॅनी असावा. नोहेआने समोरच्या पडद्यावर पाहिलं. ईशान्येचा वारा, मध्यम. तुरळक सरी.

"नाही," ती म्हणाली. "उद्या नाही जमणार."

"झकास!" डेलबर्ट म्हणाला आणि फोन ठेवला.

मग ही रीतच पडली. जायच्या आदल्या संध्याकाळी गावातून कुणाचा तरी फोन येई: उद्या येतेस का? हवा चांगली असली तर ती नाही म्हणे, आणि होड्या निघत. हवा बिघडणार असली तर ती म्हणे, "हो, येतेय. सकाळीच पोचते." मग उतारावर चिटपाखरूही फिरकत नसे. खबरदारी म्हणून ती खरंच जायची. खोटं बोललीस असं कुणी म्हणू नये, हा एक भाग. आणि तेवढ्याच दिवशी तिला जाता येत होतं, हा दुसरा. पावसात निथळत ती आईच्या स्वयंपाकघरात बसायची, खिडकीबाहेर वारा माड पिळत असायचा, आणि गल्लीतून जाणारा मॅनी तिची गाडी बघून समाधानाने मान हलवायचा. तिचा अंदाज आता गावात कधीच वाया जात नव्हता. कचेरीतल्या कुणालाही तो मान मिळाला नव्हता.

मग उन्हाळा आला, व्यापारी वारे पुरते बसले, आणि तिची बोटं पुन्हा तेच वाक्य टंकायला लागली. जूनमध्ये बापाचा फोन आला. एरवी फोन आई करायची.

"रविवारी ये," अब्नेर म्हणाला. "तुझी आई लाउलाउ करतेय. माइले चालायला लागलीय. सगळं अंगण फिरते."

नोहेआने नकाशा बघितला. "रविवारी हवा चांगली आहे, पपा."

म्हाताऱ्याने एक लांब श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

"असं होय," तो म्हणाला. "मग राहू दे. पोरं जायची असतील कुठे फिरायला." आणि जरा थांबून, "पण मग येशील कधी?"

तिने नकाशा वायव्येला सरकवला, मग आणखी वायव्येला, पार जपानच्या किनाऱ्यापर्यंत. सगळा प्रशांत महासागर निवांत पडला होता. दाबाचा पट्टा कुठे नव्हता, ढगाचा पुंजका कुठे नव्हता.

"सध्या तरी," ती म्हणाली, "काही चिन्ह नाही."